बसचा सेल्फ उलट्या दिशेने कसा फिरवतात?

जुन्या बसचा स्टार्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'सेल्फ', निकामी झाला की त्याच नमुन्याचा दुसरा मिळेलच असे नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक नागपूरला हिंगणा येथे आहे. इतर दोन दापोडी आणि चिकलठाणा येथे. पण १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, १५ वर्षांहून जुन्या गाड्यांची नोंदणी चालू राहत नाही. त्यामुळे अशी बस जपणाऱ्याला बहुतेक वेळा भंगारातूनच सेल्फ शोधावा लागतो. तो इंजिनावर नीट बसतो, पण फिरतो उलटा, अशी अडचण मग उभी राहते.

याचे कारण साधे आहे. सेल्फचे पिनियन फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगेला फिरवते. काही इंजिनांत सेल्फ गिअरबॉक्सच्या बाजूने बसतो, काहींत इंजिनाच्या बाजूने. इंजिन एकाच दिशेने फिरत असले, तरी तोंड बदलले की पिनियनकडून पाहताना सेल्फची दिशा उलटी लागते.

पहिला विचार येतो तो बॅटरीच्या तारा अदलाबदल करण्याचा. त्याचा उपयोग होत नाही. जुन्या सेल्फमध्ये कायमचे चुंबक नसते. फील्ड कॉइल आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेले असतात. तारा बदलल्या की दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो आणि मोटार पूर्वीच्याच दिशेने फिरते. जुन्या इंग्रजी धाटणीच्या बसची पॉझिटिव्ह अर्थ बदलून निगेटिव्ह केली तरी सेल्फ बिनतक्रार चालतो, तो याचमुळे. (अल्टरनेटरवर मात्र हा प्रयोग करू नये, डायोड जळतात.) कायम चुंबकाच्या छोट्या सेल्फमध्ये तारा बदलल्या की दिशा बदलते, म्हणून हा गैरसमज टिकून आहे.

दिशा बदलायची तर दोहोंपैकी एकाचाच प्रवाह उलटवावा लागतो. एक मार्ग म्हणजे फील्ड कॉइलची दोन टोके अदलाबदल करणे. ही टोके जाड तांब्याच्या पट्ट्यांची असतात, त्यामुळे ती ब्रेझिंगने जोडून वर इन्सुलेशन नीट चढवावे लागते. चार पोलच्या सेल्फमध्ये दुसरा मार्ग आहे: कार्बन ब्रशची प्लेट ९० अंश फिरवून बसवायची. शेजारचे ब्रश विरुद्ध ध्रुवांचे असल्याने आर्मेचरमधला प्रवाह उलटतो. मात्र तारांची लांबी पुरली पाहिजे आणि स्क्रूची भोके जुळली पाहिजेत. ब्रश एकाच दिशेसाठी किंचित सरकवून बसवलेले असतील, तर ते तेवढेच दुसऱ्या बाजूला सरकवावे लागतात. नाहीतर कम्युटेटरवर ठिणग्या उडतात.

इथवर काम विजेचे झाले. फसगत होते ती पुढे. पिनियनमागचा एकदिशा क्लच फक्त मूळ दिशेनेच पकडतो. मोटार उलटवली आणि क्लच तोच ठेवला, तर सेल्फ घरघरत राहतो आणि इंजिन हलत नाही. बेंडिक्स प्रकारात तर मळसूत्राचे आटे पिनियनला रिंगेकडे ढकलण्याऐवजी मागेच ओढतात. दातांच्या कडाही एकाच बाजूने घासलेल्या असतात. म्हणून उलट दिशेचा ड्राइव्ह मिळाल्याशिवाय मोटार उघडण्यात अर्थ नाही.

टेबलावर चाचणी घेताना सेल्फ शिकंजात घट्ट पकडून, शक्यतो २४ ऐवजी १२ व्होल्टवर, दोन-चार सेकंदच फिरवावा. अशा मोटारीला भार नसला की वेग वाढतच जातो आणि आर्मेचरची वाइंडिंग उसळून बाहेर येऊ शकते. खरी परीक्षा गाडीवरच, तीही डिसेंबरातल्या नागपूरच्या पहाटे, जेव्हा इंजिनातले तेल घट्ट झालेले असते.