साताऱ्याचा सिव्हिल सर्जन आणि कुणब्याचे पाऊल

रहिमतपूरचे नाव निघाले की इतिहासप्रेमींना तेथील आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आठवते. आमचीही धाव बरीच वर्षे तेवढीच होती. पण या सातारी मुलखाशी जोडलेला आणखी एक इतिहास आहे. तो बखरींत किंवा शिलालेखांत नव्हे, तर वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत सापडतो. शेतात अनवाणी राबणाऱ्या कुणब्याच्या पावलाचा तो इतिहास होय.

त्याची सुरुवात लंडनला होते. १८५८ साली हेन्री ग्रे याचा शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या नावाने वैद्यकाचे विद्यार्थी तो आजही ओळखतात. त्यातील हाडांची, स्नायूंची, नसांची चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टराने काढली होती. ग्रंथ ग्रेच्या नावाने अजरामर झाला आणि चित्रकाराचे नाव मागे पडले. त्याच वर्षी कार्टर सरकारी वैद्यकीय सेवेत मुंबईला आला व ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला.

येथे त्याच्यासमोर एक विचित्र रोग आला. गिल नावाच्या डॉक्टराने १८४२ साली मदुरेत त्याची नोंद केली होती, म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. पण रोग काही मदुरेपुरता नव्हता. १८६० साली कार्टरने त्याला गावाऐवजी कारणावरून नाव दिले : मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ. पुढे १८६३ ते १८७२ तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता, आणि १८७४ साली या रोगावरचा त्याचा सचित्र ग्रंथ निघाला. निरोगी पावलाची रचना जगाला दाखविणाऱ्या हातानेच आता सुजलेली, पोखरलेली पावले रेखाटली.

रोगाची चाल संथ असते. बाभळीचा काटा रुततो, काढला जातो, विसरलाही जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेथे टणक गाठ येते. बहुधा ती दुखत नाही, आणि हाच तिचा कावा. गाठीला तोंडे फुटून पू वाहतो व त्यातून बारीक दाणे पडतात : कोणाचे काळे, कोणाचे पांढुरके वा पिवळसर. शेवटी रोग हाडात उतरतो. क्वचित हातही असाच जातो. कार्टरच्या काळी पाय कापणे हाच खात्रीचा उपाय होता.

दाण्यांच्या रंगावरून कार्टरने रोगाचे प्रकार पाडले. ते निरीक्षण मोलाचे ठरले. मात्र कारणाबाबत तो अर्धाच बरोबर होता. काळे दाणे बुरशीचे, पण फिकट दाण्यांपैकी पुष्कळ जिवाणूंचे असतात, हे नंतर कळले. हा भेद केवळ पुस्तकी नाही. जिवाणूंचा रोग प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. बुरशीचा मात्र दीर्घकाळ औषध घेऊनही चिवट राहतो आणि आजही कधी कधी पाय गमवावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ साली, कार्टरने नाव दिल्यानंतर तब्बल १५६ वर्षांनी. या रोगाला दुर्मीळ म्हणतात. आम्हाला मात्र या शब्दाविषयी शंका वाटते. न दुखणारी गाठ घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून, दवाखान्याची पायरी कोण चढणार? जो येत नाही तो मोजला जात नाही, आणि जो मोजला जात नाही त्याच्यासाठी औषध शोधण्याची घाई कोणाला नसते.

कार्टरचे नाव अलीकडे अभ्यासकांनी पुन्हा उजेडात आणले, हे योग्यच झाले. ज्यांची पावले त्याने रेखाटली त्या माणसांचे ऋण मात्र अजून बाकी आहे. ते फेडायचे तर शेतात जाणाऱ्या प्रत्येक पायात वहाण हवी, आणि काटा रुतल्या जागी गाठ आली तर ती दुखत नसतानाच डॉक्टरला दाखवायला हवी.