कचारगड

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील विशाल नैसर्गिक गुहा व कोया (गोंड) समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याआधीच्या लिखाणात हे ठिकाण भंडारा जिल्ह्यातच शोधावे लागते.

महाराष्ट्रात गुहा म्हटली की काळ्या बेसॉल्टात कोरलेले लेणे आठवते. कचारगड माणसाने कोरलेले नाही, आणि हा मुलूखही बेसॉल्टचा नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; सालेकसा-दरेकसा-डोंगरगड पट्ट्यातील ज्वालामुखी खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांतला रायोलाइट हा सिलिकायुक्त, चिवट खडक. त्याचा ताजा तुकडा हातात घेतला तर बारीक पोताच्या दगडात क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचे स्फटिक चमकताना दिसतात. इथल्या टेकड्यांचे उभे कडे आणि पायथ्याशी पडलेले धोंडे पाहताना हे वय ध्यानात ठेवावे. ‘आशियातील सर्वांत मोठी गुहा’ अशी कचारगडची ख्याती सांगितली जाते. या स्थानाला अशा बिरुदाची काहीही गरज नाही.

कोया परंपरेनुसार कली कंकालीची तेहतीस मुले शंभूने या गुहेत कोंडली आणि तोंडावर प्रचंड शिळा बसवली. जंगो रायताड या मुलांची पालनकर्ती. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो याच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी हे तंतुवाद्य छेडले, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले आणि शिळा ढळली. पण तिच्याखाली सापडून हिरासुकाचा अंत झाला. सुटलेल्या मुलांना लिंगोने धर्माची शिकवण दिली, सगा (कुळगट) आणि गोत्रांची व्यवस्था लावून दिली. गोंडांची सारी नातीगोती अशी या दगडापाशी सुरू होतात. कोण कोणाचा सोयरा आणि कोण भाऊबंद, हे आजही त्याच व्यवस्थेवरून ठरते.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची कथागीते टिपून घेतली होती. १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद ग्रंथरूपाने छापले. हिस्लॉप स्वतः भूशास्त्राचे जाणकार होते, हा योग विशेष. त्या गीतात गोंडांना कोंडलेली गुहा धवलगिरीवर आहे; त्यातून निसटलेले चौघे ‘काचीकोपा लोहागड’ येथे जाऊन राहतात. भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्थान म्हणजे कचारगड असे मांडले, आणि १९८० च्या दशकात येथील माघ पौर्णिमेच्या यात्रेला संघटित रूप दिले. मूठभर लोकांनी सुरू केलेल्या या यात्रेला आता मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा राज्यांतून लाखो भाविक येतात. सप्तरंगी ध्वज, पेनांची (देवांची) पूजा, रेला नृत्य आणि जिकडेतिकडे ‘जय सेवा’चा घोष. एका विखुरलेल्या समाजाने आपले मूळ स्थान पुन्हा हक्काने उभे केले, ही पूर्व विदर्भाच्या अलीकडच्या इतिहासातील मोठी घटना मानली पाहिजे.

मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा हे जवळचे स्थानक. पायथ्याच्या धनेगावातून जंगलवाटेने गुहेपर्यंत चढ आहे. हाजरा धबधबा जवळच आहे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात; हिवाळा बरा.

श्रद्धास्थान असलेल्या खडकापाशी पाहुण्याने कसे वागावे, हा प्रश्न जगभर आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील उलुरू हा महाकाय खडक १९८५ मध्ये तेथील अनंगू लोकांना परत मिळाला. त्यावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून पूर्ण बंद झाले.  कचारगडला प्रवेशबंदी नाही, पण हे सहलीचे ठिकाण होण्याआधीपासून देवस्थान आहे. पेनठाण्यापाशी जोडे काढावेत, भूमकाला (पुजाऱ्याला) विचारल्याशिवाय फोटो घेऊ नयेत, कातळावर नावे कोरू नयेत आणि नेलेले प्लास्टिक परत आणावे.