चाळिशीची सातशे वर्षे

मराठीत चष्म्याला ‘चाळिशी’ असा एक जुना शब्द आहे. वय आणि वस्तू या दोहोंना एकच नाव! चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते, सुईत दोरा ओवायला मुलांना हाक मारावी लागते. हा अनुभव इतका सार्वत्रिक, की भाषेनेच त्याची नोंद केली. चष्मा नव्हता तेव्हा लेखनिक, सोनार, विणकर अशा कारागिरांची जवळची नजर त्यांचे कौशल्य ऐन भरात असतानाच साथ सोडत असे. तेव्हा हा इतिहास माणसाच्या कामाच्या आयुष्याचाही आहे.

अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने कैरो येथे प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या लॅटिन भाषांतराचा अभ्यास केलेल्या रॉजर बेकनने १२६७ साली असे लिहिले, की काचेच्या गोलाचा तुकडा अक्षरांवर ठेवला तर ती मोठी दिसतात आणि वृद्धांना त्याचा उपयोग होतो. ही भिंगे पानावर ठेवायची होती. ती डोळ्यांसमोर धरण्याची कल्पना पुढे इटलीत निघाली.

कोणी काढली? नाव ठाऊक नाही. १३०६ साली फ्लॉरेन्स येथील प्रवचनात जॉर्दानो या धर्मोपदेशकाने सांगितले, की ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. म्हणजे काळ साधारण १२८६ नंतरचा. पिसा येथील मठाच्या बखरीत आलेस्सांद्रो देल्ला स्पिना या साधूची नोंद आहे. मूळ कारागीर आपली युक्ती कोणाला सांगेना. स्पिनाने चष्मा पाहून स्वतः तयार केला आणि ती विद्या आनंदाने सर्वांना दिली. पुढे सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या एका लेखकाने साल्विनो देल्यी आर्माती हा शोधक असल्याचे छापले. ती कथा बनावट ठरली, पण अनेक पुस्तकांत ती दीर्घकाळ टिकून राहिली.

चित्रांचा पुरावाही जपून वापरावा लागतो. त्रेव्हीसो येथील १३५२ च्या एका भित्तिचित्रात कार्डिनल ह्यू चष्मा लावून लिहिताना दिसतात. पण ते तर १२६३ सालीच वारले होते! चित्रकाराने आपल्या काळातील वस्तू त्यांच्या नाकावर चढवली. त्यामुळे हे चित्र १३५२ च्या इटलीविषयी सांगते, कार्डिनलांविषयी नव्हे.

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये चष्म्यांचा व्यापार भरभराटीला आला. १४६२ साली मिलानच्या ड्यूकने तेथून तीन डझन चष्मे मागविले. त्यांत दूरचे पाहण्याचे आणि जवळचे पाहण्याचे असे वेगवेगळे प्रकार होते. वयोमानाप्रमाणे भिंग बदलावे लागते हे कारागिरांना अनुभवाने कळले होते. त्यामागचे कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

भारतात चष्मा केव्हा आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत ग्रंथात विजयनगरचे व्यासराय चष्मा लावून पोथी वाचत असल्याचा उल्लेख त्यांनी दाखवून दिला. हा काळ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा, पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर येऊन स्थिरावल्यानंतरचा.

आता कारणाकडे वळू. १६०४ साली केप्लरने प्रतिमा दृष्टिपटलावर पडते हे दाखविले. पण एकच डोळा दूरचे आणि जवळचे दोन्ही स्पष्ट कसे पाहतो? थॉमस यंगने १८०१ साली याचे उत्तर दिले. त्याने डोळ्यासमोर पाणी धरून पारपटलाची वक्रता निष्प्रभ केली. तरीही समायोजन होतच राहिले. मोतीबिंदूमुळे भिंग काढलेल्यांना मात्र समायोजन साधत नव्हते. तेव्हा बदल भिंगातच होत असला पाहिजे. १८५५ साली हेल्महोल्ट्झने पुढचा दुवा जोडला. भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावला, की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात व भिंग फुगते. वयाबरोबर भिंग कठीण होत जाते आणि फुगेनासे होते. १८६४ साली डच वैद्य डोंडर्सने वय आणि समायोजन शक्ती यांचे नाते मोजून मांडले. त्यानुसार निकटबिंदू दहाव्या वर्षी सुमारे ७ सेंमी, चाळिसाव्या वर्षी २२ सेंमी, तर साठाव्या वर्षी १०० सेंमीवर जातो. म्हणजे ही झीज बालपणापासूनच चालू असते. चाळिशीत ती वाचनाच्या अंतरावर येऊन पोचते, इतकेच.

हे वर्गात सहज करून पाहता येईल. एक डोळा झाकून छापील अक्षर जवळ आणावे, ते अंधुक होताच पट्टीने अंतर मोजावे. विद्यार्थ्यांनी घरातील निरनिराळ्या वयाच्या माणसांची, चष्म्याशिवाय, अशी मोजमापे घेऊन आलेख काढावा. दूरच्या नंबरचा चष्मा असणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवावी. त्यांचे बिंदू आलेखावर का हलतात, ही चर्चाही उद्बोधक ठरेल.

बेंजामिन फ्रँकलिनने १७८४-८५ च्या सुमारास दोन भिंगांचे अर्धे तुकडे जोडून दुहेरी चष्मा वापरला. जेवताना ताटही दिसे आणि समोरच्याचा चेहराही. अमेरिकेत २०२१ साली यासाठी डोळ्यात घालण्याच्या थेंबांनाही मान्यता मिळाली. उपाय वाढले, पण ते सर्वांपर्यंत पोचले का? एका अंदाजानुसार २०१५ साली जगात १८० कोटी लोकांना वृद्धदृष्टिता होती आणि त्यांपैकी सुमारे ८३ कोटींजवळ पुरेसा चष्मा नव्हता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आसाममधील पाहणीत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहामळा कामगारांपैकी निम्म्यांना साधे वाचनाचे चष्मे दिले. त्यांची दररोजची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. हे कामगार वाचत नव्हते, पाने खुडत होते. तेव्हा ‘मला कुठे वाचायचे आहे?’ म्हणून चष्मा टाळणाऱ्या आईला, आजीला हे उदाहरण अवश्य सांगावे. तांदूळ निवडणे हेही जवळच्या नजरेचेच काम आहे.