कोलकात्याचे कॅथलिक पालक आणि श्रद्धाशिक्षणाची जबाबदारी

कॅथलिक बाप्तिस्म्याच्या विधीत, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतण्याच्या बरेच आधी, धर्मगुरू आईवडिलांना एक प्रश्न विचारतात: या मुलाला श्रद्धेत वाढवण्याचे कर्तव्य तुम्ही स्वीकारत आहात, ते तुम्हाला नीट समजले आहे ना? धर्ममातापित्यांना त्यानंतर वेगळे विचारले जाते, तेही आईवडिलांचे मदतनीस म्हणून. शाळेचा तेथे उल्लेख नसतो. पण कोलकात्यासारख्या शहरात, जिथे लोरेटो आणि सेंट झेवियर्स ही नावे साऱ्या शहराच्या तोंडी आहेत, अनेक कॅथलिक पालकांनी या कर्तव्याचा मोठा वाटा नकळत शाळेच्या हवाली केला आहे. शाळा तो पेलू शकते का? माझ्या मते नाही, आणि यात शाळेचा दोष नाही. तिच्या रचनेतच ती मर्यादा आहे.

आधी चर्चची भूमिका पाहू. 1917 च्या धर्मसंहितेने कॅथलिक मुलांना बिगर-कॅथलिक शाळांत जाण्यास मनाई केली होती. अपवाद ठरवण्याचा अधिकार बिशपकडे होता. 1929 च्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी शिक्षणविषयक परिपत्रक काढले. माणूस कुटुंब, राज्य आणि चर्च या तीन समाजांत जन्मतो आणि वाढतो, आणि मुलाच्या शिक्षणात कुटुंबाचा हक्क राज्याच्या आधीचा आहे, अशी त्यात मांडणी होती. त्यामागे ताजा इतिहास होता. अमेरिकेतील ओरेगन राज्याने 1922 मध्ये सर्व मुलांना सरकारी शाळेची सक्ती करणारा कायदा केला आणि धर्मभगिनींच्या एका संघाच्या दाव्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1925 मध्ये तो रद्द ठरवला. पोपनी त्या निकालाचा आवर्जून दाखला दिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये भर बदलला. राज्यापासून हक्क राखण्यापेक्षा पालकांच्या स्वतःच्या कर्तव्याकडे तिने बोट दाखवले. आईवडील हे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, आणि ते कमी पडले तर ती उणीव भरून काढणे फार कठीण, असे तिने म्हटले. 1983 च्या नव्या संहितेतील 798 वे कलम तर व्यवहाराचे आहे. शक्य असेल तिथे मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावे. ते शक्य नसेल तर पालकांनी ते शिक्षण शाळेबाहेर मिळेल अशी सोय करावी. कोलकात्यातील पालक या कलमाचा पहिला भाग वाचून थांबतात, असे मला वाटते. मूल कॅथलिक शाळेत आहे, म्हणजे काम झाले.

आता त्या शाळेकडे पाहू. आयर्लंडहून आलेल्या धर्मभगिनींचे लोरेटो हाउस 1842 चे, बेल्जियन जेज्वीटांचे सेंट झेवियर्स 1860 चे. 2011 च्या जनगणनेनुसार पश्चिम बंगालच्या लोकसंख्येत ख्रिस्ती 0.72 टक्के, आणि कॅथलिक त्याचाही एक भाग. इतक्या थोड्या समाजाच्या मुलांनी एवढ्या शाळांचे वर्ग भरणे शक्यच नव्हते. संविधानाचे 30 वे कलम अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क देते. वर्गात मुले त्याच समाजाची असावीत, अशी अट घालत नाही. उलट अँग्लो-इंडियन शाळांच्या सुरुवातीच्या अनुदानासाठी 337 व्या कलमाने दरवर्षी किमान 40 टक्के प्रवेश इतर समाजांना खुले ठेवायला लावले. आणि 28 व्या कलमाचा तिसरा भाग सांगतो की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला संमतीविना, अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीविना, धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येणार नाही.

ही तरतूद न्याय्य आहे आणि कॅथलिक पालकांनीही तिचे मोल मानावे. पण तिचा परिणाम वेळापत्रकात उतरतो. एका तासाला मूठभर कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीचा वर्ग मूल्यशिक्षणाला बसतो. उरलेला सारा दिवस समाईक. गणित, बंगाली, इतिहास यांत येशूचे नाव येण्याचे कारण नाही. पूर्वी ही पोकळी माणसांमुळे भरलेली असे: वर्गावर धर्मभगिनी असत, शिक्षक अनेकदा अँग्लो-इंडियन कॅथलिक असत, तेच रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर दिसत. 1947 नंतर त्या समाजातील हजारो कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली. धर्मभगिनी आणि परदेशी धर्मगुरूही कमी होत गेले. इमारत, गणवेश, सकाळची प्रार्थना राहिली. श्रद्धा जगून दाखवणारा प्रौढ माणूस मुलाच्या समोर दिवसभर असण्याची शक्यता मात्र उरली नाही.

शाळा काही देतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. सियालदहच्या लोरेटोमध्ये सिस्टर सिरिल मूनी यांनी रस्त्यावरच्या मुलींना शाळेचे दार उघडले. त्या मुलींसाठी ‘रेनबो’ उपक्रम चालवला, आणि नेहमीच्या विद्यार्थिनींनाच त्यांना शिकवायला बसवले. फी भरणाऱ्या घरातली मुलगी तासभर आपल्याच वयाच्या, फुटपाथवर झोपणाऱ्या मुलीशेजारी बसते, तेव्हा तिला करुणेचे जे शिक्षण मिळते ते फार थोड्या घरांत मिळेल. पण हे शिक्षण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सर्व मुलींना सारखेच मिळते, आणि तसेच मिळायला हवे. कॅथलिक आईला वेगळे काही द्यायचे असेल, म्हणजे प्रार्थनेची सवय, संस्कारांची ओढ, पापाची आणि क्षमेची जाण, तर ते या तासातून येणार नाही.

ते कुठून येते, याचे उदाहरण कोलकात्याच्या सर्वात प्रसिद्ध कॅथलिक स्त्रीच्या बालपणात आहे. मदर तेरेसांचे माध्यमिक शिक्षण स्कोप्येच्या सरकारी शाळेत झाले. वडील 1919 मध्ये वारले. आई द्राना घर चालवत होती. संध्याकाळची प्रार्थना सर्वांनी एकत्र, आणि गरजू माणूस घरच्या जेवणाला. बाकीचे धर्मग्रामाने केले, तिथल्या जेज्वीट धर्मगुरूंनी, ज्यांच्याकडून बंगालमधील कार्याची वर्णने तिच्या कानी आली. घर आणि धर्मग्राम हे दोन पाय भक्कम होते, म्हणून तिसरा पाय, म्हणजे शाळा, सरकारी असूनही चालले.

घराच्या प्रार्थनेला भाषा लागते, आणि कोलकात्यात कॅथलिकांची एक भाषा नाही. पार्क सर्कसकडच्या घरात इंग्रजी, दक्षिणेकडच्या खेड्यांतून आलेल्यांची बंगाली, छोटानागपूरहून मजुरीला आलेल्या उराँव कुटुंबाची कुरुख किंवा सादरी. शाळेची भाषा इंग्रजी झाली की आजीची प्रार्थना नातवाला परकी वाटू लागते. वसईतील आम्हां मराठी कॅथलिकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही: घरात सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी आणि शाळेत इंग्रजी ही ओढाताण आपल्या गावांत रोज दिसते. मूल इंग्रजीत शिकले म्हणून घरात इंग्रजीत प्रार्थना करावी, हा सोपा मार्ग मला पटत नाही. ज्या भाषेत आई रागावते आणि जवळ घेते, त्या भाषेतच देवाशी बोलायला मूल शिकते.

सर्वात कठीण प्रकरण मिश्रविवाहाचे आहे. एवढ्या छोट्या समाजात ते नित्याचे आहे. 1970 पासून चर्च बिगर-कॅथलिक जोडीदाराकडून वचन मागत नाही. कॅथलिक जोडीदार मात्र मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सारे करण्याचे वचन देतो, आणि दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते. बाप बंगाली हिंदू, आई कॅथलिक अशा घरात दुर्गापूजेचे चार दिवस बापाच्या घराण्याचे असतात आणि रविवारची सकाळ आईची. अशा आईला शाळेचा आधार इतरांपेक्षा अधिक हवासा वाटतो, कारण घरात ती या कामी एकटी असते. म्हणून धर्मग्रामाने तिच्याकडे सर्वात आधी जायला हवे: शेजारच्या कॅथलिक कुटुंबाने रविवारी तिच्या मुलांना आपल्याबरोबर मिस्साला न्यावे, धर्मगुरूंनी नवऱ्याशी आदराने ओळख ठेवावी, आणि प्रथम कम्युनियनच्या तयारीला त्यालाही बोलवावे.