जुना मदरबोर्ड, नवे कॅबिनेट : एका मापाची चाळीस वर्षे

१/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी मुलुंडच्याच भूमीवरून गेली. तेव्हा ठरलेले रुळांमधील ५ फूट ६ इंचांचे अंतर मुलुंडची लोकल आजही पाळते. एकदा रुजलेले माप सहसा हलत नाही. संगणकाच्या कॅबिनेटचा इतिहासही असाच आहे.

२/ आयबीएमचा पहिला पीसी १९८१चा. त्यात पाच स्लॉट होते, एकमेकांपासून १ इंचावर. १९८३च्या ‘एक्सटी’त ते आठ झाले आणि अंतर सुमारे ०.८ इंचावर आले. आज बाजारात मिळणाऱ्या कॅबिनेटच्या मागील पट्ट्या याच अंतरावर असतात.

३/ १९८४च्या ‘एटी’चा बोर्ड फार मोठा होता. तो आटोपशीर होऊन ‘बेबी एटी’ रूढ झाला : ८.५ × १३ इंच. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारताने संगणक धोरण सैल केले. पुढे लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ‘असेंबल्ड’ संगणक जुळू लागले. कोणताही बोर्ड कोणत्याही कॅबिनेटात बसे, म्हणूनच हा व्यवसाय उभा राहिला.

४/ १९९५मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ आणले : १२ × ९.६ इंच. बेबी एटी जणू काटकोनात फिरवला गेला. स्लॉटचे अंतर आणि स्क्रूची काही छिद्रे मात्र जुन्याच जागी राहिली. जुना बोर्ड आजच्या कॅबिनेटात बसतो तो या सातत्यामुळे.

५/ अडचणी तीन. पहिली लांबीची : १३ इंची बोर्ड ३.४ इंच पुढे येतो आणि ड्राइव्हच्या खणांना भिडतो. जिथे छिद्र जुळत नाही तिथला धातूचा टेकू काढून प्लास्टिकचा लावावा. अन्यथा शॉर्टसर्किट होईल.

६/ दुसरी मागील बाजूची. बेबी एटीवर सहसा कीबोर्डचे गोल सॉकेट तेवढे असते. बाकीचे पोर्ट चपट्या केबलने स्लॉटच्या पट्ट्यांवर येतात. कॅबिनेटच्या आयताकृती खिडकीसाठी पत्रा कापून किंवा थ्रीडी प्रिंट करून झाकण बनवावे लागते.

७/ तिसरी विजेची. जुन्या बोर्डाला सहा-सहा तारांचे दोन कनेक्टर लागतात. काळ्या तारा मधोमध शेजारी याव्यात. उलटे जोडल्यास बोर्ड जळू शकतो. नव्या एसएमपीएसची हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो. त्यासाठी दाबल्यावर अडकून राहणारा स्विच हवा; कॅबिनेटचे बटण बोट काढताच सुटते. शिवाय नव्या एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्ट सहसा नसतात. काही जुन्या कार्डांना ते लागतात.

८/ हा खटाटोप कशासाठी? १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डाने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली. ते कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसे. आजच्या घरगुती मदरबोर्डांवर तो स्लॉट नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणता येईल. पण ते कार्ड चालताना पाहायचे तर जुना बोर्डच जिवंत हवा.

९/ त्याचा खरा शत्रू त्याच्याच अंगावर आहे. २८६, ३८६, ४८६च्या अनेक बोर्डांवरील निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. मुंबईची दमट हवा त्यात भर घालते. माळ्यावर असा बोर्ड सापडल्यास कॅबिनेट नंतर शोधावे. बॅटरी आधी काढावी.

१०/ आणि बोर्ड कधीही कापू नये, त्याला छिद्रही पाडू नये. पत्रा पुन्हा मिळतो. मराठी अक्षरे प्रथम पडद्यावर उमटवणारी यंत्रे आता नव्याने कोणी घडवणार नाही.