खाणीतली परगावची माणसं



पावसाळा सरत आला की आपल्या सिद्धेश्वर-औंढा भागातल्या वाड्यातांड्यांवर मुकादम फिरू लागतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. तो उचल देतो. दसरा-दिवाळी झाली की एक दिवस ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. भांडीकुंडी, पांघरुणं, एखादी शेळी, कडेवरचं पोर असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो आणि घराला कुलूप लागतं. मग पाचसहा महिने दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत मुक्काम. पूर्णेवर धरण झालं, कालवा आला, त्याच्या खाली ऊस उभा राहिला. पण ज्यांच्या माळरानाला कालव्याचं पाणी पोचलं नाही, त्यांच्या घरी मात्र कोयताच आला.

आज मी बोलणार आहे ते उसाबद्दल नव्हे, कोळशाबद्दल. पण ही उचल, हा मुकादम आणि ही कोपी मनात असू द्या. पुढं त्यांची गाठ पडणार आहे.

‘मेटवान’ नावाचा एक अमेरिकन चित्रपट आहे. जॉन सेल्स या दिग्दर्शकानं तो १९८७ साली काढला. मेटवान हे अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं डोंगरातलं एक लहान गाव. भोवताली कोळशाच्या खाणी. गोष्ट १९२० सालची. खाणकामगार राहतो ते घर कंपनीचं, हत्यार कंपनीचं, किराणा दुकान कंपनीचं. पगार मिळतो तोही कंपनीनं छापलेल्या चलनात, आणि ते चालतं फक्त कंपनीच्या दुकानात! म्हणजे महिना भरला तरी हातात काय? बहुधा देणंच. आपल्याकडे पट्टा पडल्यावरही उचल फिटत नाही, त्यातलाच प्रकार.

गावातले गोरे कामगार संप करतात. तेव्हा कंपनी काय करते? आगगाडी भरून बाहेरची माणसं आणते. त्यांत दक्षिणेकडचे काळे मजूर आहेत आणि इंग्रजीचा गंध नसलेली, नुकतीच बोटीतून उतरलेली इटालियन कुटुंबं आहेत. बिचाऱ्यांना ठाऊकही नसतं की आपल्याला दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला आणलं आहे. गावकरी त्यांना शिव्या घालतात, मारायला धावतात. मालकाला हेच हवं असतं. एकानं दुसऱ्याची भाषा समजून घेऊ नये, एकानं दुसऱ्याच्या ताटात जेवू नये.

चित्रपटाचा खरा विषय आहे तो हे कुंपण कसं मोडतं, हा. संघटनेचा एक कार्यकर्ता येतो. तो गावकऱ्यांना म्हणतो, त्यांनाही आत घ्या. सहजासहजी कोणी ऐकत नाही. पण एका रात्री काळे आणि इटालियन मजूर बंदुकधारी पहारेकऱ्यांच्या देखत फावडी खाली टाकतात आणि संपकऱ्यांत येऊन मिळतात. पुढं कंपनी सगळ्यांना घराबाहेर काढते, तेव्हा ते रानात राहुट्या ठोकून एकत्र राहतात. तिथला एक साधा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. रात्री गावकरी आपली वाद्यं वाजवत बसलेले असतात. पलीकडच्या राहुटीतून एक इटालियन आपल्या तंतुवाद्यावर तेच सूर धरतो. मग एक काळा मजूर तोंडातला बाजा त्यात मिसळतो. कोणी भाषण करीत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथं एक सावधगिरी हवी. चित्रपट हा इतिहासाचा पुरावा नव्हे. त्यातला कार्यकर्ता कल्पित आहे. पण १९ मे १९२० या दिवशी मेटवानला गोळीबार झाला, हे खरं. कामगारांना घराबाहेर काढायला आलेले कंपनीचे भाडोत्री पहारेकरी आणि गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड समोरासमोर आले. सात पहारेकरी, गावचा नगराध्यक्ष आणि दोन खाणकामगार अशी दहा माणसं मेली. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२१ ला, हॅटफील्डचाही न्यायालयाच्या पायऱ्यांवर खून झाला. त्यानंतर हजारो खाणकामगार हत्यारं घेऊन निघाले, सैन्य आलं आणि लढा मोडला. संघटना करण्याचा पक्का कायदेशीर हक्क अमेरिकेतल्या कामगारांना मिळाला तो १९३५ साली.

आता आपण म्हणाल, ही झाली साता समुद्रापलीकडची गोष्ट. आपला आणि कोळशाचा संबंध काय? संबंध आहे. पूर्णा-हिंगोली-अकोला या रुळावरून कोळशाच्या इंजिनाची गाडी धावताना आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहे. १९५६ पर्यंत आपण ज्या हैदराबाद राज्यात होतो, त्याच राज्यात सिंगरेणीच्या खाणी होत्या. १८८९ पासून तिथं कोळसा निघू लागला आणि निजामाची रेल्वे त्यावर चाले. इकडे वऱ्हाडापलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला, सरकारनं १८७१ साली खाण उघडली होती. पण देशातला सर्वांत मोठा कोळसा निघे तो राणीगंज आणि झरिया या भागांत, म्हणजे आजच्या बंगाल-झारखंडात. तिथली तऱ्हा ऐका.

तिथं खाणीत उतरणारी माणसं पुष्कळशी बाहेरची. संथाळ आले, बाउरी आले, छत्तीसगडातून बिलासपुरी आले. पुढं दुसऱ्या महायुद्धात गोरखपूरकडून मजुरांच्या टोळ्या आणून छावण्यांत ठेवल्या. त्यांना गावातून आणणारा सरदार आगाऊ रक्कम देई आणि माणसं खाणीवर पोचवी. राहायला धौडा, म्हणजे एका खोलीची अंधारी चाळ. काम बहुधा जोडीनं. नवरा कोळसा तोडणार, त्याला मलकट्टा म्हणत; बायको तो टोपलीत भरून डब्यात टाकणार, तिला कामिन म्हणत. मजुरी दिवसावर नाही, डब्यावर. डबा भरला नाही असं वरच्या माणसाच्या मनात आलं की घाम फुकट गेला.

ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. तिथं नवरा-बायको मिळून एक डबा. मुकादमाच्या जागी सरदार आणि कोपीच्या जागी धौडा.

या लोकांची बाजू घेणाऱ्यांत आपली मराठी मुलखातली माणसंही होती, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिचं दुसरं अधिवेशन कुठं भरावं? मुंबईत नव्हे, कलकत्त्यात नव्हे. ते भरलं १९२१ च्या नोव्हेंबरअखेरीस थेट झरियाच्या कोळशाच्या मुलखात. अध्यक्षस्थानी होते माझगावचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. लोकमान्य टिळकांचे सहकारी, ज्यांना मुंबई प्रेमानं काका म्हणे. खाणमालकांना हे अधिवेशन मुळीच नको होतं. पण स्वामी विश्वानंदांसारख्यांनी त्या भागात आधीच जमीन नांगरून ठेवली होती. हजारो खाणमजूर काम टाकून मंडपाकडे आले. तारखा जुळवून पाहा. मेटवानच्या मजुरांचा लढा मोडला तो १९२१ च्या सप्टेंबरात आणि तीनच महिन्यांनी झरियात संथाळ, बिलासपुरी, बंगाली मजूर एका मंडपाखाली बसले. एकमेकांचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

दुसरं नाव नारायण मल्हार जोशी. रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस भारत सेवक समाजात गेला आणि कामगारांसाठी आयुष्य वेचून बसला. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांची बाजू मांडीत. त्या काळात खाणीत लहान मुलं उतरत, बायका उतरत, तासांना धरबंध नव्हता. १९०१ चा जुना कायदा होता, पण त्याचं लक्ष मुख्यतः अपघातांकडे. १९२३ च्या कायद्यानं आठवड्याला जमिनीखाली ५४ आणि वर ६० तासांची मर्यादा घातली, आठवड्याची सुट्टी दिली आणि १३ वर्षांखालच्या मुलांना मज्जाव केला. आज आपल्याला ५४ तास पुष्कळ वाटतील. पण आधी मर्यादाच नव्हती, हे विसरू नका.

बायकांचा प्रश्न अवघड होता आणि तो आजही विचार करण्याजोगा आहे. १९२९ साली ठरलं की बायकांचं जमिनीखालचं काम टप्प्याटप्प्यानं बंद करायचं. १९३७ साली ते पुरतं बंद झालं. चांगलंच झालं. पण जोडीवर चालणारी मजुरी एका माणसावर आली, तेव्हा घरातली चूल कशी पेटायची? बाईला अंधारातून वर काढलं खरं, पण नवऱ्याच्या डब्याचा भाव काही तेवढ्यानं दुप्पट झाला नाही. कायदा करताना माणसाची काळजी घ्यावी आणि त्याच्या भाकरीचाही हिशेब मांडावा, हा धडा इथं आहे.

पुढं महायुद्ध आलं. सैन्याच्या बांधकामावर जास्त मजुरी मिळू लागली, खाणीतले मजूर तिकडे गेले, कोळसा कमी पडला. तेव्हा १९४३ साली सरकारनं बंदी उठवून बायकांना पुन्हा जमिनीखाली जाऊ दिलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महिला परिषदेनं कडक निषेध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात यावर वादळी चर्चा झाली. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की हा युद्धाच्या निकडीपुरता उपाय आहे. आणि याच वेळी त्यांनी बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व पुढं ठेवलं. निर्णय पटो न पटो, दोन्ही बाजू मुलांना सांगाव्यात. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

पण बाबासाहेब केवळ दिल्लीत बसून बोलले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडे गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या, मजुरीची चौकशी केली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याची रीत शेतकऱ्यालाही चटकन समजेल अशी आहे. खाणीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टनामागं एक ते चार आण्यांपर्यंत उपकर घ्यायचा आणि तो पैसा मजुरांच्या घरांवर, पाण्यावर, दवाखान्यांवर, मुलांच्या शिक्षणावर खर्च करायचा. मजूर कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, यावर्षी आला की दहा वर्षांपूर्वी, हे विचारायचं नाही. कोळसा निघाला, म्हणजे देणं लागलं. १९४७ साली त्याचा कायदा झाला. खाणीतल्या बाळंतिणींच्या १९४१ च्या कायद्यात १९४३ आणि १९४५ साली सुधारणा झाल्या त्याही बाबासाहेबांच्याच कारकिर्दीत.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९७३ पर्यंत देशातल्या बहुतेक कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. म्हणून दुःख संपलं का? २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला इथल्या खाणीत पाणी घुसलं आणि ३७५ माणसं बुडून मेली. त्यावरून सुचलेला ‘काला पत्थर’ हा हिंदी चित्रपट १९७९ साली आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. मालक बदलला तरी जमिनीखालचं पाणी बदलत नाही. त्यासाठी रोजची देखरेख लागते आणि बोलण्याची भीती नसलेला मजूर लागतो.

श्रोतेहो, या सगळ्यातून मला एकच सांगायचं आहे. परगावच्या माणसाला दोन प्रकारे गाठता येतं. आणणारा त्याला एकटा गाठतो. त्याची भाषा इथं कोणाला कळत नाही, त्याचं गाव दूर आहे, अंगावर उचल आहे, मागं फिरायला वाट नाही, हे आणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. दुसरा गाठतो तो शेजारी बसून. मेटवानच्या रानातला बाजावाला, झरियाच्या मंडपातला मजूर, टनामागं आणे मोजायला लावणारा मंत्री, हे सगळे त्या दुसऱ्या प्रकारचे. पहिला मार्ग फार सोपा आहे आणि दुसऱ्याला वर्षं लागतात.

शिक्षकांना एक विनंती करतो. फडावरून माणसं परत आली की इतिहासाच्या तासाला मुलांना एवढंच काम द्या. घरी जाऊन आई-बापाला, आजा-आजीला विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं. पहिल्यांदा कामाला कुठं गेलात? कोण घेऊन गेलं? उचल किती होती, फिटली का? वजन कोण करी आणि ते तुम्हांला दिसे का? शेजारच्या कोपीत कुठल्या गावचे लोक होते, त्यांच्याशी बोलणं होतं का? आजारी पडल्यावर कोणी पाणी दिलं?

उत्तरं साधी येतील, अडखळत येतील. एखादी आजी म्हणेल, कशाला विचारतोस बाबा, त्यात काय सांगायचं? तरी विचारा. झरियातल्या त्या कामिन बायकांना कोणी विचारलं नाही, म्हणून त्यांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या सिद्धेश्वरच्या बायांची तरी वहीत राहू द्या.