छेद कुठे आहे? नेदरलँड्सच्या भत्ता-प्रकरणाचा इतिहास, संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींचे कच्चे मसुदे वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. 'अमुक समाजातील वाढते गैरप्रकार : एक अभ्यास' अशा धाटणीचं शीर्षक असतं. अजून एकही आकडा हातात नसतो, पण 'वाढते' हे ठरलेलं असतं आणि 'अमुक समाज' हेही ठरलेलं असतं. मग उरतं फक्त पुरावे गोळा करणं. अशा मसुद्याबद्दल मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो : छेद कुठे आहे? अंश दिसतो, म्हणजे किती प्रकरणं सापडली ते. पण ती कितीपैकी, कुणापैकी आणि शोधली कुठे, हे कुठेच नसतं.

हा प्रश्न फक्त मार्गदर्शकाला खूश करण्यासाठी नाही. एका श्रीमंत, सुशिक्षित देशाच्या संसदेने आणि कर खात्याने तो विचारला नाही, तेव्हा हजारो कुटुंबं कर्जात बुडाली आणि शेवटी सरकारला राजीनामा द्यावा लागला. तो इतिहास आज बघू.

आधी पैसे, मग हिशेब

नेदरलँड्समध्ये घरभाडं, आरोग्यविमा आणि पाळणाघराचा खर्च यांसाठी उत्पन्नानुसार भत्ते मिळतात. २००५ च्या सुमारास ही वाटपाची जबाबदारी कर खात्याकडे आली. पद्धत अशी की तुम्ही यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज सांगायचा, खातं लगेच आगाऊ पैसे देणार आणि वर्ष संपल्यावर हिशेब होणार. जास्त मिळाले असतील तर परत करायचे. लोकांना पैसे वेळेवर मिळावेत हा हेतू चांगलाच होता. पण आधी देणं आणि नंतर तपासणं म्हटलं की दोन गोष्टी ओघाने येतात. एक, लबाडी करणाऱ्याला वाट मोकळी राहते. दोन, प्रामाणिक माणसाच्या हिशेबातही चुका होतात, कारण पुढच्या वर्षभराचं उत्पन्न आणि पाळणाघराचे तास आधी नेमके कोण सांगणार?

लबाडी आणि चूक या वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात, 'जादा दिलेली रक्कम' म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०१३ : खरा घोटाळा

एप्रिल २०१३ मध्ये 'ब्रांडपुंट' या डच टीव्ही कार्यक्रमाने एक प्रकरण बाहेर काढलं. काही टोळ्या बल्गेरियातून माणसं आणायच्या, डच पत्त्यांवर त्यांची नोंद करायच्या, त्यांच्या नावाने घरभाडं आणि आरोग्यविम्याचे भत्ते मागायच्या. पैसे खात्यात आले की माणसं परत गावी. डच वृत्तपत्रांनी त्याला नाव दिलं 'बल्गेरियन फ्रॉड'.

हा घोटाळा खरा होता, हे स्पष्ट सांगायला हवं. 'स्थलांतरितांवर आरोप म्हणजे खोटाच असणार' असं धरून चालणं हाही अभ्यास नव्हे. पण त्याचं आकारमान बघा. रक्कम होती सुमारे ४० लाख युरो. हे भत्ते तेव्हा वर्षाला १० अब्ज युरोंहून जास्त वाटले जात होते. म्हणजे एका वर्षाच्या वाटपाशी तुलना केली तरी दर दहा हजार युरोंमागे चार युरोही नाहीत. भोक बुजवणं गरजेचं होतं, आणि भोक कुठे आहे तेही दिसत होतं : पत्त्याची नोंद सैल, आगाऊ रक्कम तपासणीविना.

संसदेतली चर्चा मात्र आकारमानावर झालीच नाही. मे २०१३ मध्ये राज्यमंत्री फ्रान्स वेकर्स यांच्यावर अविश्वास ठराव आला. ते वाचले, पण संदेश सगळ्यांना पोचला : फसवणुकीबाबत मऊ दिसणं परवडणार नाही. हा सूर एका पक्षाचा नव्हता. पुढे पालकांच्या बाजूने सर्वांत चिवटपणे लढलेले खासदार पीटर ऑम्ट्झिख्ट हेसुद्धा २०१३ साली वेकर्स यांना धारेवर धरणाऱ्यांत होते. गंमत म्हणजे वेकर्स जानेवारी २०१४ मध्ये गेले ते वेगळ्याच कारणाने. फसवणूक रोखण्यासाठी बँक खात्यांबाबत आणलेल्या नव्या नियमामुळे हजारो हक्काच्या माणसांचे भत्ते अडकले होते.

संशय सरकतो कसा

२०१३ मध्येच कर खात्यात एक विशेष पथक तयार झालं. एकेका अर्जदाराऐवजी त्यांना मदत करणाऱ्या संस्थांवर, म्हणजे दलालांवर, नजर ठेवायची अशी कल्पना होती. २०१४ मध्ये या पथकाची नजर आइंडहोव्हनमधल्या एका पाळणाघर-संस्थेवर गेली. संस्थेशी जोडलेल्या सुमारे ३०० कुटुंबांचे भत्ते बंद झाले. आधी भत्ता बंद, चौकशी नंतर. कोणता कागद कमी आहे हेही पालकांना धड सांगितलं गेलं नाही. या पालकांत तुर्की वंशाची अनेक कुटुंबं होती.

आता इथे जरा थांबा आणि काय काय बदललं ते वहीत लिहून काढा. घोटाळा होता घरभाडं आणि विमा भत्त्यात, कारवाई झाली पाळणाघर-भत्त्यात. घोटाळा केला होता थोड्या दिवसांसाठी आणलेल्या माणसांच्या नावाने. कारवाई झाली ती वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आईबापांवर. घोटाळ्यात बल्गेरियाची माणसं होती. झळ बसली तुर्की, मोरोक्कन आणि इतर स्थलांतरित मुळांच्या कुटुंबांना, आणि पुष्कळ डच कुटुंबांनाही. तुर्कस्तानशी १९६४ मध्ये आणि मोरोक्कोशी १९६९ मध्ये करार करून नेदरलँड्सनेच कामगार बोलावले होते. आजचे अनेक पालक त्यांची मुलं-नातवंडं. भत्ता वेगळा, माणसं वेगळी, पद्धत वेगळी. सारखं राहिलं ते फक्त 'बाहेरचे' हे लेबल.

दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. घानाचं नागरिकत्व असलेल्या शे-दीडशे जणांवर संशय आला, तेव्हा खात्याने घानाच्या नागरिकत्वाच्या सगळ्याच अर्जदारांची माहिती मागवली. ते होते सहा हजारांवर. शंभरभर माणसांबद्दलचा प्रश्न एका झटक्यात एका राष्ट्रीयत्वाबद्दलचा प्रश्न झाला.

८०-२० आणि साधं गणित

पथकाच्या कामकाजात एक गृहीतक वापरलं जात होतं : संशयित गटातले ८० टक्के लबाड, २० टक्के निर्दोष. संशोधनाच्या भाषेत हे मोजमाप नव्हे, मोजण्याआधीच धरलेली शक्यता आहे. ती किती चुकू शकते हे बघायला एक काल्पनिक हिशेब करू. (हे आकडे डच नाहीत, फक्त समजण्यासाठी.)

समजा १,००,००० कुटुंबं आहेत आणि त्यातली १ टक्का, म्हणजे १,००० लबाड आहेत. तुमची चाळणी चांगली आहे : १०० लबाडांपैकी ९० पकडते आणि १०० प्रामाणिकांपैकी फक्त १० वर चुकून बोट ठेवते. मग ९०० लबाड सापडतील. पण ९९,००० प्रामाणिक कुटुंबांपैकी ९,९०० सुद्धा यादीत येतील. यादी झाली १०,८०० ची, त्यात खरे लबाड ९००. बारांत एक. ही यादी बघून '८० टक्के लबाड' म्हणणारा माणूस दुष्ट असायला हवा असं नाही, त्याने छेद मांडला नाही एवढंच पुरेसं आहे.

त्यात भर पडली संगणकाची. २०१३ पासून खात्याकडे अर्जांना जोखमीचे गुण देणारी, जुन्या नोंदींवरून शिकणारी प्रणाली होती. त्यात 'डच नागरिक की नाही' हा एक निकष होता. ज्याचे गुण जास्त, त्याची फाइल तपासणीला. आता विचार करा : जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडणार. मग ते आकडे पुढच्या संशयाला पुरावा म्हणून वापरणार. पोलीस फक्त एकाच गल्लीत उभे राहिले तर दंडाच्या पावत्या त्याच गल्लीच्या निघतील. त्यावरून गावाबद्दल काही कळत नाही, पोलीस कुठे उभे होते ते कळतं.

दुहेरी नागरिकत्वाची गोष्टही अशीच. मोरोक्कोचं नागरिकत्व सोडून देणं व्यवहारात जवळपास अशक्य. म्हणजे नेदरलँड्समध्ये जन्मलेली मुलगीही नोंदीत 'मोरोक्कन' राहते. २०१४ पासून नगरपालिकांच्या नोंदीत डच नागरिकांचं दुसरं नागरिकत्व ठेवणं बंद झालं होतं. कर खात्याच्या प्रणालीत मात्र मे २०१८ मध्येही सुमारे १४ लाख लोकांची ही जुनी माहिती पडून होती.

चूक म्हणजे गुन्हा

खरी झळ बसली ती 'सगळं किंवा काहीच नाही' या अर्थ लावण्यामुळे. समजा वर्षाला १२,००० युरो भत्ता मिळाला, पालकांनी स्वतःच्या हिश्श्याचे ८०० भरायचे होते आणि पावत्या ६०० च्याच दाखवता आल्या. साधा न्याय सांगेल, २०० चा फरक बघा. खातं मात्र पूर्ण १२,००० परत मागायचं. अनेक वर्षांचं मिळून कित्येक कुटुंबांच्या डोक्यावर दहा-दहा हजारांचं कर्ज झालं. वर 'जाणूनबुजून केलं किंवा गंभीर हलगर्जी' असा शिक्का बसला तर हप्त्यांची साधी सवलतही नाही. घरं गेली, नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. देशाच्या सांख्यिकी संस्थेने २०२१ मध्ये केलेल्या पहिल्या मोजणीत, झळ बसलेल्या कुटुंबांतल्या १,११५ मुलांना २०१५ ते २०२० या काळात घरापासून दूर ठेवलं गेल्याचं दिसलं. पुढच्या मोजणीत हा आकडा वाढला. (यातलं किती फक्त भत्त्यामुळे, हे या आकड्यावरून ठरत नाही. हीच काळजी दोन्ही बाजूंच्या आकड्यांबाबत घ्यायची.)

उलगडा

राष्ट्रीय लोकपालाने ऑगस्ट २०१७ मध्येच आइंडहोव्हन प्रकरणावर कडक अहवाल दिला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये खात्यातल्या कायदेतज्ज्ञ सांद्रा पाल्मन यांनी लिहिलं होतं की पालकांवर अन्याय झालाय आणि भरपाई द्यायला हवी. ते टिपण दबून राहिलं. वकील एव्हा गोन्झालेझ पेरेझ, 'ट्राऊ' आणि आरटीएल न्यूजचे पत्रकार, खासदार ऑम्ट्झिख्ट आणि रेन्स्का लाइटन यांनी कागदांचा पाठलाग सोडला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने स्वतःचीच आधीची भूमिका बदलली आणि 'सगळं किंवा काहीच नाही' संपलं. डिसेंबरमध्ये पालकांना त्यांच्या फाइली मिळाल्या तर पानंच्या पानं काळी केलेली. राज्यमंत्री मेन्नो स्नेल गेले.

१७ डिसेंबर २०२० रोजी संसदीय समितीने 'अभूतपूर्व अन्याय' या नावाचा अहवाल दिला. त्यात दोष एकट्या खात्याला नव्हता, मंत्रिमंडळ, संसद आणि न्यायालयं सगळ्यांना होता. १५ जानेवारी २०२१ ला मार्क रूट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मार्चच्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा सर्वांत मोठा ठरला, हाही इतिहासाचा भाग आहे. प्रत्येक पीडित पालकाला किमान ३०,००० युरो जाहीर झाले. माहिती-संरक्षण प्राधिकरणाने नागरिकत्वाच्या माहितीचा वापर बेकायदेशीर आणि भेदभावाचा ठरवून खात्याला २७.५ लाख युरो दंड केला. २०२२ मध्ये सरकारने खात्यात संस्थात्मक वंशभेद होता हे मान्य केलं. ४० लाखांच्या घोटाळ्यापासून सुरू झालेल्या मोहिमेची भरपाई अब्जावधी युरोंत गेली.

तुमच्या मसुद्यासाठी

यातून 'फसवणुकीवर संशोधन करू नका' असा अर्थ कृपया काढू नका. करा, जरूर करा. सरकारी पैसा लोकांचा असतो आणि तो लुबाडला गेला तर खऱ्या गरजूंचंच नुकसान होतं. फक्त लिहिण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा. सापडलेली प्रकरणं कितीपैकी आहेत. शोध सगळीकडे सारखा घेतला होता की एकाच गल्लीत. आणि 'फसवणूक' म्हणजे तुमच्या आकड्यात नेमकं काय मोजलंय, हेतू की राहून गेलेली पावती.

चौथी गोष्ट तुमच्या वाक्याच्या कर्त्याची. 'टोळीने घोटाळा केला' आणि 'बल्गेरियन लोकांनी घोटाळा केला' या दोन वाक्यांत पुरावा एकच आहे, पण दुसऱ्या वाक्याच्या मागे सगळा समाज उभा केला जातो. प्रबंधात कर्ता बदलायला एक शब्द पुरतो. नेदरलँड्सला तो परत बदलायला जवळपास आठ वर्षं लागली, आणि भरपाईच्या फाइली त्यानंतरही सुरूच राहिल्या.